कुठला चीक?

आयुष्यभर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालो, त्यामुळे लोक मला साखरेचा माणूस समजतात. पण माझी पहिली नोकरी साखरेची नव्हती. ती कशाची होती, असं कुणी विचारलं की मी अजूनही अडखळतो. लग्न ठरताना बायकोला सांगितलं होतं, "केमिकलची." सासऱ्यांना सांगितलं, "औषधाची." खरं सांगायचं तर मी कोळंबीची टरफलं पपईच्या चिकात भिजवत असे; आणि तेही समुद्रकिनारी नव्हे, तर तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, मिरजगावच्या माळावर, बहात्तरच्या दुष्काळात. हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघतो की मीच विषय बदलतो.

झालं असं. आमचे शेठ नगरचे. राहुरीकडच्या कालव्यावरच्या पपईच्या बागा ते चिकासाठी करारावर घेत. पपई झाडावर कच्ची असतानाच भल्या सकाळी तिला पात्याने उभे ओरखडे काढायचे. पांढराशुभ्र चीक ठिबकायला लागतो. खाली बांधलेल्या कापडावर तो गोळा करायचा, वाळवायचा आणि मुंबईच्या औषध कंपन्यांना पाठवायचा. त्या चिकात मांस पचवणारा एक पदार्थ असतो. घरोघरच्या बायकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. मटण शिजायला मागत नसेल तर त्या कच्च्या पपईची फोड टाकतात. आमच्या विज्ञानाने त्याला नाव दिलं, एवढंच.

शेठना मराठीचा भारी अभिमान. अशा पदार्थांना, म्हणजे एन्झाइमना, मराठीत 'विकर' म्हणतात असं त्यांनी कुठल्याशा परिभाषा कोशात वाचलं आणि मिरजगावच्या आमच्या शेडवर पाटी लावायचं ठरवलं: 'विकर निर्मिती केंद्र'. कर्जतच्या पेंटरला वाटलं, शेठ लिहिताना काना विसरले. त्याने आपल्या मनाने तो दिला. सकाळी येऊन बघतो तर हायवेच्या दिशेला तोंड करून, लाल अक्षरात, 'विकार निर्मिती केंद्र'. पाटी उतरवेपर्यंत पंचक्रोशीत बभ्रा झाला होता. तालुक्याचे आरोग्य खात्याचे साहेब जीप घेऊन चौकशीला आले. मी त्यांना विकर म्हणजे काय ते समजावलं. ते समजल्यासारखी मान हलवत राहिले आणि जाताना म्हणाले, "ठीक आहे, पण तयार झालेला विकार बाहेर जाऊ देऊ नका."

आता कोळंबी कुठून आली? तर बाबूभाईंमुळे. बाबूभाई शेठच्या ट्रकचे ड्रायव्हर. इथून कांदा घेऊन मुंबईला जायचे आणि येताना गाडी रिकामी यायची. बंदराकडे सोललेल्या कोळंबीच्या टरफलांचे ढीग कुजत पडलेले त्यांनी शेठना सांगितले. शेठनी कुठे तरी वाचलं होतं, की या टरफलांतून चुना आणि मांस काढून टाकलं तर जे उरतं ते कापडाच्या गिरण्यांना, कागदाला, कशाकशाला उपयोगी पडतं. मांस काढायला चीक तर घरचाच होता. झालं! रिकाम्या गाडीत वाळलेल्या टरफलांची पोती भरून यायला लागली, मिरजगावबाहेर माळावर पत्र्याची शेड उभी राहिली आणि नगरच्या कॉलेजातून नुकताच बी.एस्सी. झालेला मी 'केमिस्ट साहेब' झालो.

वासाबद्दल काय लिहू? एस.टी. शेडजवळ आली की सगळ्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. कंडक्टर ओरडायचा, "वासाचा थांबा कोन हाय का?" आणि मी मान खाली घालून उतरायचो. गावात आम्हाला कुणी विकर केंद्र म्हटलं नाही. आमची ती 'झिंग्याची शेड'.

काम तसं सरळ होतं. टरफलं आधी पातळ ॲसिडमध्ये टाकायची, म्हणजे फसफसून चुना निघून जातो. मग मोठ्या सिमेंटच्या हौदात कोमट पाण्यात चीक कालवून त्यात ती भिजत ठेवायची. आत चिकटून राहिलेला मांसाचा अंश चीक खातो. मग धुवायची. उरतात ते हलके, पांढरे पापुद्रे. ते कडक कॉस्टिक सोड्यात शिजवले की शेवटी अशी वस्तू मिळते, जी शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, विरघळते. तिला इंग्रजीत एक नाव आहे, ते शेडवर कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे तिला 'पापुद्रा' म्हणत. मीही म्हणू लागलो. शेवटी कॉस्टिकमध्ये शिजवायचंच आहे तर मांस त्यानेच निघेल, चीक कशाला, असं मी एकदा शेठना विचारलं. ते म्हणाले, "चिकानं केलेला माल नाजूक राहतो." म्हणजे काय, ते मला कळलं नाही आणि त्यांनाही कळलं होतं की नाही, शंका आहे.

हौदावर शेवंताबाई होत्या. भिजवणं, ढवळणं, धुणं सगळं त्यांच्या हाताखाली. पुढे बाकीचे मजूर कमी केले तेव्हाही त्या राहिल्या. चीक मांस खातो याचा पुरावा बघायचा तर त्यांच्या बोटांकडे बघावं. त्वचा सोलून सोलून बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात अंगठा उठायचा नाही. दुकानदार म्हणायचा, "बाई, तुझा अंगठा न्हाईच." त्या म्हणायच्या, "झिंग्यासंगं गेला." मी त्यांना रबरी मोजे आणून दिले. त्यांनी ते जपून घरी नेले आणि त्यांत मीठ-मिरची भरून ठेवली.

माल तयार झाला आणि गिरण्यांनी तो नाकारला. शेठ नमुना घेऊन मुंबईत वणवण फिरले. कुणी म्हणालं रंग बरा नाही, कुणी म्हणालं पिठाची खळ स्वस्त पडते. पापुद्र्याची पोती शेडमध्ये पडून राहिली. आपण इतकी मरमर करून काय बनवलं आणि कशासाठी, हा प्रश्न मला छळायला लागला. तेवढ्यात दुष्काळाने आधीच्या सगळ्या प्रश्नांवर बोळा फिरवला.

त्या वर्षी शेवंताबाई एकदा लागोपाठ बऱ्याच दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा गाल आत गेलेले.

"साहेब, वस्तीत घरटी हगवन हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या दोन घरं पल्याड राहीबाईची ल्हानगी गेली. पानीच तसलं हाय."

त्यांनी बाटलीत भरून आणलेलं पाणी मी उजेडात धरलं. त्यापेक्षा दुधाचा चहा बरा. वस्तीवरच्या एकुलत्या विहिरीचं पाणी आटलं, म्हणून ती खोल करायला घेतली होती आणि तळाला चिकणमाती लागली होती. दिवसदिवस ठेवलं तरी ते पाणी निवळायचं नाही. टँकर कधी यायचा, कधी नाही. तुरटीने काम झालं असतं, पण सगळ्या तालुक्याला एकाच वेळी तुरटी लागत होती. मिरजगावच्या बाजारात ती औषधालाही सापडत नव्हती.

कुठे वाचलं होतं आठवत नाही, पण पापुद्रा गढूळ पाणी निवळतो असं वाचल्याचं डोक्यात होतं. मी थोडासा शिरक्यात विरघळवला आणि चमचाभर त्या बाटलीत घालून ढवळलं. आधी काहीच झालं नाही. मग नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसायला लागल्या. त्या जड होऊन खाली बसत गेल्या आणि वरचं पाणी असं स्वच्छ झालं की बाटलीपलीकडची शेवंताबाईंची साडी मला स्पष्ट दिसली. मी अक्षरशः उडी मारली. आपण बनवलेल्या वस्तूचा काही तरी उपयोग आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा पटलं. आनंद म्हणावा की सुटका म्हणावी, डोळ्यांत पाणी आलं एवढं खरं.

शेठनी एका शब्दात परवानगी दिली. माल नाही तरी पडूनच होता.

वस्तीवर गेलो तर प्रश्न वेगळाच. वस्ती सगळी नानांच्या शब्दावर चालणारी. नाना म्हणजे सत्तरीचे, उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशांचे शेतकरी. गळ्यात तुळशीची माळ. वस्तीत पोथी वाचणार ते, भांडण मिटवणार ते. मी विहिरीच्या काठावर दोन काचेच्या बरण्यांत पाणी घेऊन प्रयोग दाखवला. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. नाना मात्र माझ्याकडे बघत होते.

"ह्ये कशाचं म्हनलास?"

लपवायचं काही कारण नव्हतं. "झिंग्याच्या टरफलाचं आहे, नाना."

सगळ्यांच्या माना खाली. नाना शांतपणे म्हणाले, "मंग न्हाई जमायचं."

मागून कुणी तरी म्हणालं, "नाना, देवघरातला शंख बी टरफलच की."

"शंखातला जीव मेल्यावर समुद्र त्यो आनून टाकतो. ह्ये जित्तं धरत्यात, सोलत्यात, खात्यात. त्यातलं मास ऱ्हायलं असंल की चिकटून."

"मांस अजिबात राहत नाही, नाना," मी घाईघाईने म्हणालो. "आम्ही टरफलं चिकात भिजवतो. चिकात मुरू देतो. चीक सगळं मांस काढून टाकतो."

नानांचा चेहरा बदलला. "चिकात?"

"हो. ताज्या चिकात."

"म्हंजी त्ये कॅन येत्यात टरकातनं, पांढरं, त्यो चीक?"

"तोच." राहुरीकडच्या बागांतला चीक बाबूभाई दुधाच्या कॅनमधून आणत असत. ते नानांनी येता-जाता पाहिलं असणार.

"दुस्काळात? एवढा चीक? ह्या गावच्या पान्यापायी?"

"पाण्यासाठी नाही, म्हणजे… हो, आता पाण्यासाठीच," मी म्हणालो. त्यांना एवढं नवल कशाचं वाटतंय, ते मला समजेना. त्यांनी दोन्ही हात जोडले, तेही माझ्याकडे बघून नाही, वर बघून. मग लोकांकडे वळून म्हणाले, "चिकात भिजल्यालं मंग काय असतंय? सोवळंच झालं त्ये. घ्या."

निवळलेलं पहिलं पाणी त्यांनी तांब्यात घेतलं, सगळ्यांदेखत प्यायलं आणि मग बायका पुढे झाल्या. तेव्हापासून तोच रिवाज पडला. आठवड्यातून दोनदा मी पापुद्र्याचं पाणी घेऊन जायचो, सिमेंटच्या टाकीत ते ढवळायचं, गाळ बसला की नाना पहिला तांब्या प्यायचे आणि मगच वस्ती भरायची. मी उकळून घ्या असंही बजावलं होतं, त्यामुळे श्रेय माझ्या पापुद्र्याचं की चुलीचं ते मला माहीत नाही. पण हगवण हटली. दवाखान्याच्या वाऱ्या थांबल्या. वस्तीत गेलो की कुणीतरी गुळाचा खडा हातावर ठेवायचं. एरवी शेडवरून जाताना नाक दाबणारी माणसं मला 'पान्याचा साहेब' म्हणू लागली. छाती फुगली नाही असं म्हणणार नाही.

आणि मग तो दिवस. सकाळचंच ऊन असं की पत्रा तडतडत होता. बाबूभाई ट्रकखाली झोपून काही तरी ठोकत होते. मी वर बघतो तर फाटकातून नाना येतायत. अनवाणी. हातात पितळी चरवी, तिच्यावर ओलं फडकं बांधलेलं. वस्तीपासून शेडपर्यंत ते चालत आले होते आणि चरवी डचमळू नये म्हणून हळूहळू पावलं टाकत होते.

"गाय व्याली पहाटं," ते म्हणाले. चेहरा नुसता उजळलेला. "छावनीत न्हाई धाडली, घरीच ठिवली हुती. पानी नव्हतं तर तीबी गेलीच असती. तुमच्यामुळं वाचली. म्हनलं, पयला चीक तुमच्या हौदात गेला पायजे."

मी चरवी हातात घेतली. फडकं उचललं. पिवळसर, घट्ट, कोमट. त्याचा वास आला आणि माझ्या आईने केलेल्या खरवसाची आठवण झाली. तरीही मला उमगेना. मी चरवी धरून तसाच उभा.

शेवंताबाई हौदावरून आल्या. त्यांनी चरवीत पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून डोळे असे मोठे केले की मला वाटलं त्यांना काही चावलं. मान किंचित डावी-उजवी हलवली. मला त्या खुणेचा अर्थ लागेना.

"काय झालं?" मी मोठ्याने विचारलं.

त्यांनी कपाळाला हात लावला.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो एकदम सगळा. विहिरीच्या काठावरचं ते बोलणं, ते जोडलेले हात, ते 'सोवळंच झालं'. नाना इतके दिवस समजत होते की आम्ही झिंग्याची टरफलं गाईच्या चिकात, व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधात भिजवून शुद्ध करतो. भर दुष्काळात कुणीतरी कॅनच्या कॅन गाईचा चीक त्यांच्या वस्तीसाठी ओततं आहे, असं त्यांना वाटत होतं.

"वासराला पाजलात का, नाना?" मला एवढंच सुचलं.

"दोन घोट. ह्ये गावाचं हाय."

"अहो, वासराला पहिले हाच लागतो. नाही तर…"

"ठावं हाय मला. जगंल त्ये. मानसं जगली तर त्येबी जगंल."

आता काय करायचं? चरवी हौदात ओतायची, वासराच्या तोंडचा घास हौदात घालायचा, की गुपचूप ठेवून घ्यायची आणि खोटं बोलायचं? माझी अगदी त त प प झाली. आणि मग तोंडातून निघून गेलं, "नाना, आमच्या हौदात पपईचा चीक असतो. झाडाचा."

नाना हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांनी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. नाना उलट्या घातलेल्या पिंपावर बसले.

"तुला ठावं हुतं, शेवंता?"

"तवाच कळलं हुतं, नाना. तुमी चीक म्हनलं तवाच." त्यांनी ओले हात पदराला पुसले. "राहीची पोरगी माज्या मांडीवर गेली. मी कशी बोलू?"

बाबूभाई ट्रकखालून बाहेर आले होते.

"झाडाच्या चिकानं मास जातं?" नानांनी मला विचारलं.

"जातं, नाना. सगळं जातं."

"डोळ्यांनी बघितलंस?"

मला दिलासा वाटला. कारण हे दाखवता येण्यासारखं होतं. मांस शिल्लक आहे का ते पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे: थोडं कॉस्टिक, थोडं मोरचुदाचं पाणी. मांस असेल तर जांभळा रंग येतो, नसेल तर निळा राहतो. मी धावत जाऊन परीक्षानळी आणली. त्यात पापुद्रा घातला, कॉस्टिक घातलं, मोरचूद घातलं आणि उन्हात धरली.

"बघा, निळा!" मी म्हणालो.

शेवंताबाई जवळ आल्या. "जांभळट दिसतोय की, साहेब."

"कुठे? निळाच आहे."

"मला तर मोरपंखी वाटतोय," बाबूभाई म्हणाले.

मी पुन्हा पाहिलं. वरून पाहिलं, बाजूने पाहिलं, मागे पांढरा कागद धरून पाहिलं. जितकं पाहावं तितका तो रंग हातातून निसटत गेला. मांस नसलं तरी पापुद्र्यावर मोरचुदाचा रंग आपोआप चढतो, हे पुढे मला वाचनातून कळलं. पण त्या क्षणी मी फक्त एवढं म्हणू शकत होतो की हा निळा आहे किंवा जांभळा आहे किंवा दोन्ही नाही. मी नानांपुढे नळी धरली. त्यांनी ती घेतली, डोळ्यांजवळ नेली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"मला समदंच धुरकट दिसतंय," ते म्हणाले आणि नळी परत दिली.

बाबूभाईंना वाटलं आपण काहीतरी बोललं पाहिजे. "नाना, आमच्या मुसलमानांतबी झिंगा खावा का न्हाई, यावर दोन मतं हायत. मी खातो. अब्बा न्हाई खात."

"अन एका घरात ऱ्हाता?"

"ऱ्हातो की."

नाना उठले आणि चरवी माझ्या हातातून घेतली. "वासराला तरी पोचवू ह्ये," ते म्हणाले.

बाबूभाईंनी ट्रक काढला. नाना मांडीवर चरवी घेऊन पुढे बसले, त्यांच्या शेजारी मी आणि दाराशी शेवंताबाई. रस्त्यात इतके खड्डे, पण बाबूभाईंनी गाडी अशी चालवली की चिकाचा थेंब सांडला नाही. अर्ध्या वाटेवर मला राहवलं नाही. "नाना, मी आजच वस्तीला सगळं सांगतो," मी म्हणालो.

"सांग," नाना समोर बघत म्हणाले. "अन मंग कुनाच्या घरी पुन्यांदा हगवन लागती, त्येबी बघायला थांब."

"मग काय करू?"

"मला इचारतोस? मी न्हाई प्यालो तर वस्ती पिनार न्हाई. मी प्यालो तर माजी माळ…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "तू मला सांगाया नको हुतं, पोरा. आजवर मी चुकून प्यालो हुतो. आता मला ठावं हाय."

खरं बोलावं असंच आम्हाला शिकवलं होतं. मी खरं बोललो होतो, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या खांद्यावर एक ओझं येऊन पडलं होतं, जे सकाळपर्यंत तिथे नव्हतं. शेवंताबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या रागावल्या होत्या, आणि तो राग योग्य होता की नाही, हेही मला ठरवता येत नव्हतं.

पुढे पाऊस पडला, शेड बंद झाली, शेठनी पपईचाही धंदा आवरला आणि मी साखरेत गेलो. साखरेत बरं असतं. रस किती, साखर किती, हिशोब लागतो. निळ्याजांभळ्याचा घोळ नाही. नाना त्यानंतर बरीच वर्षं जगले म्हणतात. माझी पुन्हा गाठ पडली नाही. मी खरं बोललो ते बरं केलं की वाईट, हा प्रश्न मी अनेकांना विचारून पाहिला आहे. अर्धे म्हणतात बरं केलंस, अर्धे म्हणतात मूर्ख आहेस, आणि दोघांचंही मला ऐकताना पटतं. शेवंताबाईंना विचारायचं मात्र कधी धाडस झालं नाही. पापुद्र्याला आज जगभर मागणी आहे, जखमेच्या पट्ट्यांपासून शेतीपर्यंत. चिकासारखेच विकर वापरून तो तयार करतात, असं वाचतो. वाचलं की मला त्या दिवसाची दुपार आठवते.

वस्तीवर पोचलो तेव्हा वासरू पडून होतं. नानांनी चरवीत बोटं बुडवून ती त्याच्या तोंडात दिली. आधी नुसतं चाटलं, मग ओढायला लागलं आणि बघता बघता मान वर करून चरवीतच तोंड घालू लागलं. नाना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, चरवी रिकामी होईपर्यंत.

टाकीपाशी बायका घागरी घेऊन थांबल्या होत्या. आदल्या संध्याकाळी मी ढवळून ठेवलेलं पाणी निवळलं होतं. नाना आल्याशिवाय कुणी हात लावणार नव्हतं. राहीबाई तांब्या भरून उभी होती. तिने तो नानांपुढे केला. मी ट्रकच्या आडोशाला उभा होतो. शेवंताबाई मागच्या रांगेत, पदर दातांत धरून.

नानांनी तांब्या उजव्या हातात घेतला. पाण्यात बघितलं. मग डावा हात वर नेला आणि गळ्यातली माळ मुठीत घट्ट झाकून घेतली, लहान लेकराचे डोळे झाकावेत तशी. तिचा एक मणीसुद्धा बाहेर राहू दिला नाही. आणि घटाघटा सगळं पाणी प्यायले.

"भरा गं बायांनो," ते म्हणाले. मूठ अजून मिटलेलीच होती.